डिकीतली पुस्तकं, वहीतली नावं

परभणीच्या एका सरांनी विचारलंय की त्यांनी ऊसतोड कामगारांवरची कादंबरी स्वतःच्या खर्चाने छापली, ५०० प्रती, त्यातल्या १६० गेल्या आणि ३४० घरात कॉटखाली आहेत. त्यांनी कुठेतरी वाचलं की अमेरिकेतले ब्लॅक लेखक प्रकाशकाशिवाय स्वतःच पुस्तकं खपवतात, तर ते नेमकं काय करतात, आणि ह्या सगळ्या धावपळीत पुढची कादंबरी कधी लिहितात.

सर, मी अटलांटात राहते आणि गेली १६ वर्षं स्वतंत्र लेखकांची पुस्तकं छापण्याजोगी करून द्यायचं काम करते, म्हणजे पानांची मांडणी, कव्हर, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक), छपाईच्या फायली, वितरकाकडची नोंदणी वगैरे सगळं. माझ्याकडे येणारे बहुतेक लेखक ब्लॅक आहेत (इथे लोक स्वतःला ब्लॅक म्हणतात म्हणून मीही तेच लिहिते). त्यांच्याबरोबर चर्चच्या हॉलमध्ये टेबलं लावलीयत, खोके उचललेत, त्यामुळे जे सांगतेय ते बघितलेलं सांगतेय.

आधी थेट उत्तर देते. वाचक आधीपासून जिथे बसलेला असतो तिथे हे लोक पुस्तक घेऊन जातात, आणि जो विकत घेतो त्याचं नाव स्वतःच्या वहीत लिहून घेतात. बाकी फेसबुक, इन्स्टा, रील, जाहिराती हे सगळं ह्या दोन गोष्टींच्या नंतर येतं. दुसऱ्या पुस्तकाचं भांडवल म्हणजे ती वही.

ही पद्धत इंटरनेटने आणलेली नाहीये, खूप जुनी आहे. पॉल लॉरेन्स डनबर नावाचा कवी ओहायोमधल्या डेटन गावात लिफ्टमन होता. शाळेत हुशार, विमानवाल्या राईट बंधूंपैकी ऑर्व्हिल त्याच्या वर्गात होता, राईट बंधूंचा छोटा छापखाना होता आणि १८९० मध्ये डनबरचं वर्तमानपत्र त्यांनी छापलंही होतं, पण शाळा संपल्यावर ब्लॅक मुलाला ऑफिसातली नोकरी कोणी देईना म्हणून आठवड्याला ४ डॉलरवर लिफ्ट चालवायला लागला. १८९२ च्या शेवटी त्याने पहिला कवितासंग्रह छापून घेतला, खर्च १२५ डॉलर, म्हणजे त्याच्या ३१ आठवड्यांच्या पगाराएवढा. आणि तो विकला कुठे, तर लिफ्टमध्ये! वर जाणाऱ्या-खाली येणाऱ्या माणसांना, एक डॉलरला एक. दोनेक आठवड्यांत छपाईचे पैसे फिटले. आता ह्यात बघण्यासारखं काय आहे, तर रोज तीच माणसं त्याच्या लिफ्टमध्ये चढत होती, त्याला नावानिशी ओळखत होती, आज नाही घेतलं तर उद्या परत दिसणारच होती. दुकानातल्या फळीवर पडलेल्या पुस्तकाला ही सोय नसते.

मग शंभर वर्षांनंतर आमच्या अटलांटात ई. लिन हॅरिस. कॉम्प्युटर विकायची चांगली नोकरी सोडून कादंबरी लिहिली, प्रकाशकांनी परत पाठवली, म्हणून १९९१ मध्ये स्वतः छापली आणि गाडीच्या डिकीत टाकून ब्लॅक लोकांची पुस्तकाची दुकानं, बायकांची सलून, वाचन मंडळं असं दारोदार फिरला. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशकाने तीच कादंबरी उचलली आणि पुढे त्याची पुस्तकं बेस्टसेलर याद्यांवर येत राहिली. लोक ही गोष्ट सांगताना डिकीवर भर देतात, मला त्यातलं सलून जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्लॅक बायकांच्या सलूनमध्ये एकदा केस विणायला बसलं की चार-पाच तास कुठे जात नाहीत. हातात काहीतरी हवंच असतं. शेजारच्या खुर्चीवरची बाई विचारते काय वाचतेयस, आणि तिथेच पुस्तकाची चर्चा सुरू होते.

माझ्याकडे एक लेखिका आहेत, ३० वर्षं सिटी बस चालवून रिटायर झाल्या, त्यांनी आपल्या आजीवर कादंबरी लिहिली, आजी लोकांचे कपडे धुवायची. मी त्यांना मिस म्हणते, इथे दक्षिणेत मोठ्या बाईला तसंच म्हणतात, आपल्या ताईसारखं. त्यांनी काय केलं तर नऊ सलूनमध्ये फक्त एकेक प्रत ठेवली, रिबिनीने मासिकांच्या स्टँडला बांधून, आणि पहिल्या पानावर हाताने लिहिलं, ही प्रत सलूनची आहे, घरी नेऊ नका, घरी न्यायची असेल तर काउंटरवर मिळेल. केस विणून होईपर्यंत वाचणारी बाई साठ-सत्तर पानांपर्यंत पोचलेली असायची आणि मिसनी बरोबर तेवढ्यातच आजीच्या भावाला पोलीस उचलून नेतात तो प्रसंग ठेवला होता. मुद्दाम ठेवला होता का असं मी विचारलं तर म्हणाल्या, पहिल्या मसुद्यात तो दीडशेव्या पानावर होता, सलूनमध्ये बसून बायका कुठे पुस्तक खाली ठेवतात ते बघितलं आणि पुढे आणला. सलूनवालीला प्रत्येक प्रतीमागे ३ डॉलर, रोख, दर शनिवारी स्वतः जाऊन. उधारी ठेवलीच नाही.

पैशाचं गणित पण सांगते कारण त्याशिवाय हे सगळं नुसतं कौतुक होईल. २५० पानांचं साधं काळ्या शाईचं पुस्तक ॲमेझॉनवर, जिथे ऑर्डर येईल तशी एकेक प्रत छापतात, साधारण ४ डॉलरला पडतं. किंमत १५.९९ ठेवली तर ॲमेझॉनवरच्या प्रत्येक विक्रीला लेखकाला साडेपाचच्या आसपास मिळतात. दुकानांसाठी वितरकाकडून घातलं तर वितरक आणि दुकान मिळून ५५ टक्के सूट द्यावी लागते, हातात दोन-अडीच डॉलर राहतात. आणि स्वतःच्या टेबलावरून १५ ला विकलं तर छपाई आणि टपाल जाऊन दहा. तर टेबलावरची एक प्रत दुकानातल्या चार प्रतींएवढी. पण मी लेखकांना नेहमी सांगते की ह्यापेक्षा मोठा फरक दुसराच आहे, ॲमेझॉन तुम्हाला पैसे देतं पण पुस्तक कोणी घेतलं ते कधीच सांगत नाही. हजार प्रती गेल्या तरी त्या हजारातल्या एकालाही पुढच्या पुस्तकाची खबर तुम्ही स्वतः देऊ शकत नाही. टेबलावर माणूस समोर उभा असतो.

दुकानांच्या बाबतीत एक ठेच लागलीय ती पण सांगते. वितरकाकडे नोंदणी करताना एक प्रश्न असतो, न खपलेली पुस्तकं परत घेणार का. हो म्हटल्याशिवाय बरीच दुकानं मागवत नाहीत म्हणून आम्ही एका लेखकासाठी हो म्हटलं, एका दुकानाने कार्यक्रमासाठी ८० मागवली, कार्यक्रमाला पाऊस, २० गेली, बाकी ६० तीन महिन्यांनी परत आली, कोपरे दुमडलेली, स्टिकर चिकटलेली, आणि त्या ६० चे पैसे लेखकाच्या खात्यातून वळते झाले. तो माणूस शाळेत सफाईचं काम करत होता. त्या दिवसापासून मी कोणालाही परतीला हो म्हणू देत नाही, त्याऐवजी दुकानात दहा प्रती ठेवायच्या, विकल्या की ६०-४० वाटणी, महिन्याने जाऊन हिशोब. ब्लॅक मालकांची छोटी दुकानं ह्याला आनंदाने तयार होतात.

आता हे लोक प्रकाशकांकडे का जात नाहीत असा प्रश्न पडेल. जातात की, दारं उघडत नाहीत. २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक मोजणी आली होती, १९५० ते २०१८ मधल्या मोठ्या प्रकाशकांच्या इंग्रजी कथा-कादंबऱ्यांपैकी ज्यांच्या लेखकाचा वर्ण कळला अशी ७,१२४ पुस्तकं, त्यातली ९५ टक्के गोऱ्या लेखकांची. त्याच वर्षी जूनमध्ये लेखकांनी ट्विटरवर आपापल्या आगाऊ मानधनाचे आकडे उघड केले, कोणाला किती मिळाले ते सगळ्यांना दिसलं आणि ब्लॅक लेखकांना किती कमी मिळतं हे आकड्यांत समोर आलं. पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड ह्या ब्लॅक माणसाचा खून केला त्यानंतरचे ते दिवस होते, ब्लॅक मालकांच्या दुकानांवर ऑर्डरींचा पूर आला होता, माझे लेखक रात्र रात्र पाकिटं भरत होते. पूर ओसरला. तेव्हा घेणाऱ्यांची नावं ज्यांनी लिहून ठेवली त्यांचं दुसरं पुस्तक गेलं, ज्यांनी नुसते पैसे घेतले त्यांना दुसऱ्या वेळी परत शून्यापासून सुरुवात करावी लागली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय आणि ते बघून वाईट वाटतं कारण लिखाण दोघांचंही चांगलं होतं.

नावांच्या वहीवर माझा एवढा जोर का ते दोन जुन्या गोष्टींवरून सांगते. ओलौदा इक्विआनो, गुलामीतून स्वतःच्या पैशाने सुटलेला माणूस, १७८९ मध्ये लंडनला त्याने आत्मचरित्र काढलं ते आगाऊ वर्गणीवर, आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलत असते तसं. वर्गणीदारांची यादी पुस्तकातच छापली, ३११ नावं, सगळ्यात वर राजपुत्र. हक्क स्वतःकडे ठेवले, कोणाला विकले नाहीत, आणि मग इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड गावोगाव फिरला, भाषण करायचं आणि पुस्तक विकायचं. त्याच्या हयातीत नऊ आवृत्त्या निघाल्या, आणि नव्या आवृत्तीत नवी नावं वाढत गेली. यादीच त्याची जाहिरात होती.

दुसरी गोष्ट फिलिस व्हीटलीची. बॉस्टनमधली गुलाम मुलगी, १७७३ मध्ये तिचा कवितासंग्रह लंडनला निघाला कारण बॉस्टनमध्ये पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत. त्याच वर्षी ती मुक्त झाली आणि ऑक्टोबरमध्ये न्यू हेवनच्या एका कर्नलला तिने पत्र लिहिलं, की माझी पुस्तकं येतायत, ओळखीच्यांकडून वर्गणी गोळा करून द्या, विक्रीतला अर्धा वाटा माझा आहे, तिथल्या छापखानेवाल्यांना सांगा की परस्पर छापू नका, आता मी माझ्या पायावर उभी आहे आणि ह्यातून जे मिळेल ते सगळं माझं. विशीतली मुलगी, जेमतेम मोकळी झालेली, आणि पहिलं काम काय तर पुस्तकाचा हिशोब आपल्या हातात घेणं! मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ नुसती बसून होते.

पण पुढचं ऐका. १७७९ मध्ये तिने दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात दिली, कविता आणि पत्रं, ३०० पानांचं, वर्गणी मागवली. पुरेशी नावं आली नाहीत. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं युद्ध चालू होतं, पैसा नव्हता, पहिल्या पुस्तकाच्या वेळी मागे उभी असलेली मोठी माणसं कोणी मेलेली कोणी पांगलेली, आणि ती ओळख मुळात तिच्या मालकांच्या घराची होती, तिची स्वतःची नव्हती. १७८४ मध्ये ती गेली, तिशीच्या आसपास. त्या दुसऱ्या पुस्तकाचं हस्तलिखित सापडलेलं नाही. तुम्ही विचारलंत ना की पुढचं कधी लिहायचं, मला हीच बाई आठवते. तिने लिहिलं होतं, सर. लिहून तयार होतं.

तर पुढच्या पुस्तकाबद्दल. इथे फेब्रुवारी म्हणजे ब्लॅक हिस्टरी मंथ, त्या २८ दिवसांत सगळ्या शाळा, लायब्रऱ्या, बँका ब्लॅक लेखकांना बोलावतात आणि मार्च उजाडला की फोन थंड. नवे लेखक फेब्रुवारीत सगळीकडे जातात, फुकट बोलतात, घसा बसतो, आणि एप्रिलपर्यंत काही लिहून होत नाही. मिसनी नियम केला, फेब्रुवारीत चारच कार्यक्रम, आणि जिथे पुस्तकाचं टेबल लावू देत नाहीत किंवा मानधन देत नाहीत तिथे नाही. बाकी वर्षभर रविवारी चर्च सुटल्यावर एक तास टेबल, बस. लिहायची वेळ पहाटे साडेचार ते सहा, कारण ३० वर्षं त्या वेळेला पहिली बस काढायला उठायच्या आणि शरीराला ती सवय आहे. त्या दीड तासात फोन गाडीत ठेवतात. घरात नाही, गाडीत.

त्यांच्या टेबलावरची वही मी जवळून बघितलीय, शाळेतली साधी शिवलेली वही, चार रकाने. नाव, फोन किंवा ईमेल, कुठे भेट झाली, आणि चौथा रकाना म्हणजे त्या माणसाने पुस्तकाबद्दल काय म्हटलं. चौथ्या रकान्यात एके ठिकाणी लिहिलंय, माझी आजी पण निळीचं पाणी वेगळं ठेवायची. अजून एक, तुमच्या आजोबांचं काय झालं ते सांगितलंच नाहीत. हा आजोबांचा प्रश्न अकरा जणांनी विचारला, म्हणून आता दुसरी कादंबरी आजोबांची आहे. कार्यक्रमाच्या शेवटी त्या नव्या मजकुरातली चार पानं वाचून दाखवतात, लोक कुठे हातपंखा हलवायचे थांबतात तिथे पेन्सिलीने खूण करतात. म्हणजे बघा, प्रचार आणि लेखन असं वेगवेगळं राहतच नाही, एकाच टेबलावर दोन्ही.

ऑस्कर मिशोचं पण असंच. साउथ डकोटात शेती करणारा ब्लॅक माणूस, १९१३ मध्ये पहिली कादंबरी स्वतः छापली आणि गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरोघरी जाऊन विकली. मग दक्षिणेत पुस्तक विकत फिरला, आणि १९१५ ची त्याची पुढची कादंबरी कशावर, तर स्वतःचं पुस्तक विकत दक्षिणेत फिरणाऱ्या ब्लॅक लेखकावर. १९१७ ला तिसरी. तिच्यावर सिनेमा काढायला एका कंपनीने विचारलं, अटी पटल्या नाहीत, म्हणून स्वतः कंपनी काढली आणि शेअर कोणाला विकले तर शेतकऱ्यांनाच, ज्यांच्यात तो पुस्तकं विकत फिरला होता. १९१९ मध्ये तो सिनेमा आला, ब्लॅक माणसाने काढलेला पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. दारोदार फिरून केलेली ओळख किती लांब जाते त्याचं ह्याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

आता तुमच्याबद्दल थोडं. भारतात आयएसबीएन फुकट मिळतो, इथे एकाला १२५ डॉलर मोजावे लागतात, तेव्हा तो घेतला नसेल तर पुढच्या आवृत्तीला घ्या. दुसरं, दुकानांच्या मागे लागू नका, तुमची कादंबरी ज्यांच्याबद्दल आहे त्यांची शिकलेली मुलं कुठे बसतात ते बघा. परभणी, बीड, पुणे इथल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, समाजकल्याणची वसतिगृहं, डीएड केलेले तुमचे शिक्षक मित्र जे ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या शाळांवर आहेत. अभ्यासिकेत एक प्रत दोरीने बांधून ठेवायला कोण नाही म्हणेल? आणि तुमच्याकडे तर असं विकायची परंपरा माझ्या लेखकांना हेवा वाटावा अशी आहे, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर लोक पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात, छोटे छोटे प्रकाशक स्वतः स्टॉलवर उभे असतात. मिसना मी त्या गर्दीचे व्हिडिओ दाखवले आणि हेही सांगितलं की जोतिबांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं, वर्ष लिहून घेतलं, आणि तेही वहीच्या चौथ्या रकान्यात, माझ्या नावापुढे.

३४० ची घाई करू नका, पुस्तक नासत नाही, फक्त कॉटखालून काढून कोरड्या जागी कपाटात ठेवा, मराठवाड्यात वाळवी वाईट. त्याआधी एक काम आज रात्रीच करा. जे १६० जणांनी घेतलं त्यांची नावं आठवून लिहायला घ्या, जितकी आठवतील तितकी, शाळेतले सहकारी, नातेवाईक, प्रकाशनाला आलेले, कोणी फोन करून बोललं असेल तर काय बोललं तेही. मिस पहिल्यांदा अशी नावं लिहायला बसल्या तेव्हा त्यांना ४३ आठवली होती. रोज दोन-तीन जणांना फोन करा, पुस्तक विकायला नाही, वाचलं का आणि कुठपर्यंत आलात एवढंच विचारायला, आणि जे सांगतील ते त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा. दुसऱ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण झालं की मला पाठवा, मी वाचेन.